बाइंडरचं हृदय

तपासणीच्या खोलीत बायको पहिल्यांदाच सोबत आली आणि पुस्तकं बांधणाऱ्या बाइंडरनं तिला बाहेरच बसायला सुचवलं.

वयाच्या चौथ्या वर्षी त्याच्या हृदयातलं जन्मजात भोक बुजवलं होतं, अरुंद वाट रुंद केली होती. त्या शस्त्रक्रियेला आता चाळीस वर्षं झाली. याला जपा, असं सर्जन तेव्हा सांगून गेले ते घरानं आजतागायत पाळलं. त्याची आई त्याला खुर्चीसुद्धा सरकवू देत नसे. तिसऱ्या मजल्यावर पिठाचं पोतं बायको चढवायची. हा मागून वर्तमानपत्र घेऊन, दर जिन्यावर दम खात यायचा.

खरं तर हृदय ठणठणीत होतं. हे त्याला बारा वर्षांपासून माहीत होतं. दर वर्षी तो एकटा यायचा, तपासणीच्या यंत्राचा पडदा बघताना मनापासून घाबरायचा, चांगला अहवाल मिळाला की सुटकेचा निःश्वास टाकायचा, आणि घरातल्या जाडजूड शब्दकोशाच्या पुठ्ठ्याला आतून, अस्तराच्या कागदाखाली तो चिकटवून टाकायचा. कुणी विचारलंच तर छातीवर हात ठेवून म्हणायचा, बघू, जपायला सांगितलंय.

आज मात्र बायको हटूनच बसली. आता पोती आपल्याच खांद्यावर येणार, या नुसत्या विचारानं त्याला धाप लागली. त्यानं डॉक्टरबाईंना डोळ्यांनी नाना खुणा केल्या. त्यांचं लक्ष पडद्याकडे होतं.

"झडप थोडी गळते, पण ती गळती जुनीच," त्या म्हणाल्या. "उजवा कप्पा वाढलेला नाही, पंप उत्तम. दर वर्षी दाखवत चला. बाकी जिने चढा, ओझी उचला."

बाइंडरनं डोळे मिटले. बायको आवाज चढवेना, तेव्हा एक उघडला.

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "बाराही अहवाल वाचलेत मी. एकाच पुस्तकाचा पुठ्ठा दर वर्षी जाड होतोय, हे धूळ पुसणाऱ्याला कळतं. अस्तर किटलीच्या वाफेवर सुटतं. बाइंडरची बायको आहे मी."

"मग आज कशाला आलीस?" त्यानं कसंबसं विचारलं.

"पोती मीच चढवीन, घाबरू नका," म्हणत ती डॉक्टरबाईंकडे वळली. "उद्या सासूबाई स्वतः चौकशीला येणार आहेत. त्यांना यातलं अक्षरही सांगू नका. ह्यांच्या हृदयाला धक्का बसेल म्हणून चौदा वर्षांत त्या माझ्याशी एकदाही भांडलेल्या नाहीत."