चौदा धागे

आंधळ्या जैतुनबीला आकडे दिसायचे. सात हिरवा, अकरा काटेरी. हिमरू कापडाच्या मागावर कोणते धागे उचलायचे, ते ती तोंडपाठ सांगायची. पोलीस ॲक्शननंतर निजामी गेली, गिऱ्हाईक आटलं, तशी मालक शौकतमियाँनी तिची सगळी नक्षी कागदावर उतरवून घेतली अन् तिला हाकललं. थंडीत ती शहागंजात रस्त्यावर मेली. शौकतमियाँ मातीलासुद्धा गेले नाहीत.

आज दुपारी मागावर कोयरीच्या जागी शौकतमियाँचाच चेहरा उमटत होता. डोळे तेवढे बाकी होते.

"हे कुणी सांगितलं?" ते खेकसले.

"जैतुनबीनं, मालक," विणकर कमरोद्दीन म्हणाला. "ऐका की. म्हणती, डोळ्यांचे चौदा धागे सोडून दे."

त्यानं सोडले.

भर उन्हात शौकतमियाँ चाचपडत म्हणाले, "खिडक्या कुणी लावल्या रे?"