सातवा डेटाबेस

सुरतजवळच्या सचिन गावातल्या एका कापड गिरणीच्या ऑफिसात हर्षदा कंपनीचे क्लाउडवरचे डेटाबेस सांभाळत असे. त्या दुपारी तिनं मॉनिटरिंगच्या स्क्रीनवरून सगळ्या डेटाबेसचा शोध घेतला. सहा सापडायला हवे होते, सात सापडले.

सातव्याला नाव नव्हतं. तो मॉनिटरिंगच्या यादीत नोंदवताना तिनं पासवर्डची जागा रिकामी सोडली, तरी नोंदणी झाली.

आत एकच तक्ता होता. त्यात ऑफिसातल्या माणसांची नावं होती आणि प्रत्येक नावापुढे एक ओळ.

"कुंदनभाई, जरा बघता का?" तिनं शेजारच्या टेबलावरच्या साहेबांना बोलावलं.

त्यांच्या नावापुढे लिहिलं होतं: उजवी दाढ, मांसाचा तुकडा, अकरा दिवस.

"मी तर मटणाला हात पण नाही लावत," ते हसून म्हणाले. पण बोलता बोलता त्यांची जीभ दाढेकडे गेली. त्यांनी तोंडात बोट घालून काहीतरी ओढलं आणि तळहातावर घेतलं. राखाडी, बुळबुळीत तुकडा होता. त्याचा कुजका वास हर्षदाच्या नाकात शिरला.

"काढून टाक तो डेटाबेस," म्हणत कुंदनभाई तोंड दाबून बेसिनकडे धावले.

तिनं नोंदणी रद्द केली. स्क्रीनवर सहाच उरले. मग कुणी हात न लावता शोध पुन्हा सुरू झाला आणि सातवा आपोआप नोंदला गेला.

आता तक्त्यात एकच नाव होतं, तिचं. पुढे लिहिलं होतं: घसा, जिवंत, तीन आठवडे.

तिनं नकळत आवंढा गिळला. काहीतरी थोडं खाली सरकलं. मग ते हळूहळू वर चढू लागलं.