उशाची खुर्ची

ग्लेंडा ओस्टबीने बोटातली अंगठी काढली, पाण्याच्या ग्लासाला टेकवून ठेवली आणि डोळे मिटून घोरायला लागली. दाराशी बूट वाजले. कॅसिडी आत आली. तिने सुपाचा वाडगा टेबलावर ठेवला, अंगठी उचलली. ग्लेंडाचं घोरणं क्षणभर अडकलं. पोरीने अंगठी खणात टाकली, खण लावला आणि उशाशी खुर्ची ओढून बसली.

म्हणजे चोर नाही. मग ही आहे तरी कोण?

अमेरिकेतल्या डुलुथ गावच्या त्या हॉस्पिसमध्ये मरायला आलेल्यांपेक्षा त्यांच्याजवळ बसायला येणारी पोरं जास्त. सगळी एका साच्यातली. कॉलेज संपलेलं, मेडिकलचे अर्ज टाकलेले, मधलं वर्ष रिकामं. आणि ते रिकामं दिसलं की अर्ज बाद. म्हणून कोणी प्रयोगशाळेत उंदीर मारतं, कोणी ॲम्ब्युलन्सवर जातं, कोणी मरणाऱ्यांचे हात धरतं. तास भरले की कागदावर नर्सची सही घ्यायची आणि सुटायचं. माणुसकीसुद्धा तासांवर.

ग्लेंडाने जन्मभर शाळेची बस चालवली होती. कोणतं पोर खिडकीतून काय फेकणार, ते तिला आरशात आधी दिसायचं. तरी कॅसिडीच्या आधी उशाशी बसणाऱ्या प्रेस्टनने तिला फसवलं. गोड मुलगा. मेडिकलच्या अर्जासाठी तिच्यावर निबंध लिहून गेला. पुढे कोणीतरी कौतुकाने तो तिला वाचून दाखवला. त्यात ती ऑक्टोबरातच मेली होती, शांतपणे, प्रेस्टनचा हात धरून. त्याला प्रवेश मिळाला. आणि नोव्हेंबरात ग्लेंडा उठून बसून सणाची टर्की खात होती.

आता एप्रिल होता आणि गिळवत नव्हतं. सकाळीच नर्स मार्लीस विचारून गेली होती: शेवटच्या दिवसांत उशाशी कोण बसलेलं हवं? मुलगी ॲरिझोनात, ती विमान पकडून येईपर्यंत सगळं उरकलेलं असेल. पाळीपाळीने कोणालाही बसवू, की एखादं नाव सांगताय? ग्लेंडाला एकच नाव सुचलं, कॅसिडीचं, आणि नेमका त्याच नावाचा भरवसा वाटेना. एकटं मरायची तिला भीती होती. पण कुणाच्या अर्जासाठी मरायची त्याहून जास्त.

सापळे लावून झाले होते. मागच्या आठवड्यात तिने कॅसिडीला नवऱ्याची कहाणी सांगितली. तळ्यावरचा बर्फ फुटला आणि तो डोळ्यांदेखत खाली गेला. खरं तर नवरा एका केस कापणारीबरोबर फार्गोला गेला होता आणि अजून तिथेच होता. दुसरं कोणतंही पोर या कहाणीवर डोळे पुसत बसलं असतं. कॅसिडी ऐकून घेऊन म्हणाली, सूप निवतंय.

आणि काल तर कहरच. मार्लीस कुरकुरत होती की ही पोरगी हिवाळ्यापासून तासांवर सहीच घेत नाही. विसरते म्हणे. या जातीचं पोर एक वेळ श्वास घ्यायला विसरेल, सही नाही.

"ए पोरी, मी जागी आहे."

"माहीत आहे. झोपल्यावर तुम्ही घोरत नाही."

"मग खरं सांग. सही घेत नाहीस, रडत नाहीस, अंगठीसुद्धा नको. माझ्याकडून तुला पाहिजे तरी काय?"

कॅसिडी सूप ढवळत राहिली. मग खाली बघूनच बोलली. हिवाळ्यात सगळीकडून नकार आले होते. दुसऱ्यांदा. आता अर्ज नाही, निबंध नाही, म्हणून सहीही नको. घरी अजून कोणालाच सांगितलं नव्हतं.

"तरी इथे येतेस? इथे मरायला मी आहे, तू कशाला येतेस?"

"बाहेर जो भेटतो तो एकच विचारतो, पुढच्या वर्षी काय? आई विचारते, शेजारीण विचारते, दात बघणारा डॉक्टर तोंडात हात घालून विचारतो." तिने चमचा खाली ठेवला. "इथे मला तसं कोणी विचारत नाही, मिसेस ओस्टबी. तुम्हाला पुढचं वर्षच नाही."

इतकं उद्धट आणि इतकं खरं उत्तर ग्लेंडाला त्या खुर्चीवरून आजवर कोणी दिलं नव्हतं. तिला हसू आलं, हसण्याचा खोकला झाला. तो ओसरल्यावर तिने मार्लीसला बोलवायचं बटण चाचपून दाबलं.

"पुढचं वर्ष गेलं खड्ड्यात," ती म्हणाली. "या आठवड्यात मोकळी आहेस का?"