खिचडीच्या खोलीचा उंबरा

सगळा हॉल टाळ्या वाजवत होता, पण धुरपताबाईचे हात मांडीवरून हलले नाहीत.

“माय, जाऊ न आता,” शेजारी बसलेला अंकित तिसऱ्यांदा म्हणाला. तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही. देवळीच्या त्या मंगल कार्यालयात ती व्याख्यान ऐकायला आलीच नव्हती. एका माणसाच्या तोंडून एक वाक्य काढून घ्यायला आली होती.

तो माणूस कोट घालून, कानाला माइक लावून स्टेजवर इकडून तिकडे फिरत होता. अनुप सर. कंपन्यांत, कॉलेजांत ‘सगळ्यांना सामावून घ्या, हेतू ठेवून जगा’ असं सांगत हिंडणारा. मागे त्याचा हसरा फोटो, बैलगाडीएवढा. धुरपताबाईच्या लेखी मात्र तो अजून वासुदेवराव दुकानदाराचा नातूच होता, चौथीतला, शेंबडा.

वीस वर्षांपूर्वी गावच्या शाळेत ती खिचडी शिजवायची. बौद्ध मोहल्ल्यातली बाई चुलीपाशी बसली म्हणून अर्धी शाळा घरून डबे आणू लागली. तिने ते चार महिने गिळलं. अनुपच्याच वर्गातल्या तिच्या अंकितला पोरं ‘खिचडीवालीचा’ म्हणून चिडवत, तेही गिळलं. मग एके दिवशी खिचडीच्या गंजात, त्या मोठ्या पातेल्यात, पाल निघाली.

सगळ्यांत आधी ओरडला तो हाच अनुप, खिडकीशी उभा राहून. ज्याने कधी ताट धरलं नाही, त्याला पाल सगळ्यांच्या आधी कशी दिसली, हे विचारायची अक्कल एकाही मास्तरला झाली नाही. तिचं काम गेलं. तेवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं, पण ‘पालवाली’ हे नाव चिकटलं ते चिकटलंच. जिच्या हातच्या वरणासाठी पाहुणे एक दिवस जास्त राहायचे, तिला पुढे मोहल्ल्यातल्या लग्नातही कुणी स्वयंपाकाला बोलावलं नाही. आपलीच माणसं पातेल्यात डोकावून मग जेवतात, हे तिला सगळ्यात जास्त लागलं.

एक अंकित तेवढा तिच्या बाजूचा. तेव्हापासून तो बाहेर कुठे जेवत नाही. कामावर नेतो तो डबा तिच्याच हातचा, आणि मीठ जास्त झालं तरी बोलत नाही. असा मुलगा नशिबाने मिळतो, असं ती सगळ्यांना सांगे.

स्टेजवर अनुप आता शाळेवरच आला होता. आमच्या शाळेत एक मावशी खिचडी करायच्या, तो सांगत होता, आणि त्यांच्या हातचं खायचं नाही अशी आम्हाला घरून ताकीद होती. खायचं सोडा, त्या खोलीचा उंबराही आमच्यापैकी कुणी ओलांडत नसे. चेंडू आत गेला तर आतून कुणी फेकेपर्यंत आम्ही बाहेर ताटकळायचो आणि मग तो नळाखाली धुऊन घ्यायचो. मोठेपणी त्याची लाज वाटली, आणि त्या लाजेतच मला जगण्याचा हेतू सापडला.

पुन्हा टाळ्या. धुरपताबाईच्या अंगाची लाहीलाही झाली. तिचा अपमान या पोराने धुऊनपुसून दुकानात मांडला होता, आणि त्यातली पाल तेवढी सोयीने गाळली होती.

प्रश्न विचारा म्हणताच ती उठली. अंकितने पदर धरला. तिने तो हिसकून घेतला आणि माइक हातात घेतला.

“ते मावशी मीच आहो,” ती म्हणाली. “पाल काऊन नाई सांगितली तू?”

हॉल चिडला. मागून कुणी ‘बसा हो काकू’ म्हणालं, कुणी हसलं. संयोजक रूपराव माइक काढून घ्यायला आले, तर तिने त्यांच्याकडे असं पाहिलं की ते दोन पावलं मागेच थांबले. मग तिने सगळं सांगितलं, एकदाही न अडखळता. वीस वर्षं भाकरी थापताना ती हेच तर पाठ करत आली होती.

“पयले तू ओरडला,” ती शेवटी म्हणाली. “तुले ठाऊक होतं. कोनं टाकली ते आता सांग, एवढ्या लोकाईसमोर.”

अनुपचं तोंड उतरलं. तो बराच वेळ तिच्या रांगेकडे बघत राहिला. मग कानाचा माइक नीट केला.

“तुमच्या खिचडीत काही खोट नव्हती, मावशी,” तो म्हणाला. “पाल मी टाकली.”

समोरच्या रांगेतले दोघेतिघे उठून चालते झाले. मोबाइल वर झाले. रूपरावांनी घाईघाईने आभार मानायला सुरुवात केली, तर कुणीतरी त्यांनाच ‘कसला हो हा तुमचा वक्ता’ असं विचारलं. अनुप पाणीही न पिता एकटाच मागच्या दाराने गेला. हा माणूस आता कुठे उभं राहून हेतू सांगतो ते बघू, असं धुरपताबाईच्या मनात आलं. आपल्याला रडू येईल असं तिला वाटलं होतं. आलं ते हसू.

बाहेर गाडीपाशी येईपर्यंत तिचं तोंड थांबलं नाही. मोहल्ल्यातल्या श्रावणच्या पोरीच्या लग्नात वरण आपणच करणार, कोण नाही म्हणतं ते पाहते, पातेल्यात डोकावणाऱ्याच्या हातात पळीच देते. अंकित किल्ली लावत होता, ती लागत नव्हती.

ती गाडीवर बसायला गेली आणि एक पाय टेकवूनच थबकली.

“पन काय रे,” ती म्हणाली, “चेंडू घ्यालेही जे पोट्टं आत येत नव्हतं, ते चुलीवरच्या गंजापावतर आलं कसं?”

अंकितने किल्ली काढून मुठीत धरली. तो तिच्याकडे वळला नाही.

“तो आत कधी आलाच नाई, माय. आतून चेंडू मी फेकत होतो.”