रिठ्याचं पाणी

"बघ, आता कसं सोन्यासारखं दिसतंय," असं म्हणत कमलाबाईंनी ओला ब्रोच प्रबोधच्या हातावर ठेवला.

उद्या लक्ष्मीपूजन. सिंगापूरच्या लिटिल इंडियातून मुद्दाम रिठे आणून त्यांनी घरातलं सगळं सोनं घासायला काढलं होतं. सुनेच्या बांगड्या झाल्या, स्वतःच्या पाटल्या झाल्या. मुलाच्या कपाटात रुमालात गुंडाळलेला हा मळकट दागिना सापडला, म्हणून तोही गरम पाण्यात टाकून जुन्या टूथब्रशनं घासला. सणासुदीला घरात मळकं सोनं कोण ठेवतं?

प्रबोधनं आधी घड्याळाकडे पाहिलं.

इटलीतल्या थडग्यातून निघालेला, दोन हजार वर्षांहून जुना, असं सांगून एका दलालानं त्याला हा ब्रोच विकला होता. चांगल्या दिवसांतली हौस ती. आता त्याची नोकरी गेली होती. बायको विनीता हिच्या एकटीच्या पगारात मरीन परेडचा फ्लॅट राखणं म्हणजे तारेवरची कसरत. आणि ब्रोच बघायला आत्ता संध्याकाळी गिऱ्हाईक येणार होतं.

ब्रोच तेवढा जुना नसेल, ही भीती एकाच माणसामुळे होती, आणि तो मरून शंभर वर्षं उलटली होती. बर्तोली, रोमचा सोनार. त्याच्या दुकानात थडग्यांतलं जुनं सोनंही विकायला असे आणि त्याबरहुकूम त्यानं घडवलेलं नवंही. रव्याहून बारीक सोन्याचे दाणे सांधा न दिसू देता कसे बसवायचे, ही जुन्या लोकांची युक्ती शोधण्यात त्या माणसानं डोळे घालवले. पण जुन्याला तो जुनं म्हणे आणि आपल्याला आपलं. स्वतःच्या प्रत्येक कामाच्या मागे तो खूण करी.

प्रबोधनं ब्रोच उलटा केला. कालपर्यंत जिथं मातीचा खडा चिकटलेला होता, तिथं आता बर्तोलीच्या खुणेची दोन अक्षरं स्वच्छ दिसत होती. मधल्या कुणा विकणाऱ्यानं मेण आणि माती भरून ती बुजवली होती. रिठ्याच्या पाण्यानं त्याचं पितळ उघडं पाडलं.

विनीता ऑफिसातून आली. खांद्यावरची बॅगही न काढता तिनं ती अक्षरं पाहिली. ती ओरडली नाही. दमलेल्या माणसांना भांडायचाही कंटाळा येतो.

"परत भर," ती म्हणाली. "मेणबत्ती आहे. कुंडीत माती आहे."

"विनीता, अगं..."

"मला आता नवं घर शोधायचं त्राण नाही रे."

त्यालाही नव्हतं. त्यानं मेणबत्तीचा तुकडा बोटांत मळायला घेतला. स्वतःची लाज वाटत होती, तरी बोटं थांबत नव्हती.

"अरे, आत्ताच धुतलं ना मी? परत काय लावतोयस?" कमलाबाई जवळ आल्या. "माझ्या हातून काही बिघडलं का?"

"नाही, आई. मागे घडवणाऱ्याचं नाव आहे. ते दिसलं तर भाव पडतो."

त्यांनी चष्मा चढवला. ब्रोच दिव्याखाली धरून ते दाणे बराच वेळ बघितले.

"हे त्यानं हातानं केलंय?"

"हो."

"मग काम खोटं आहे का त्याचं?"

"नाही गं. काम चोख आहे."

"मग एवढं करून गेलेल्या माणसाचं नाव तू का रे बुजवतोस?"

प्रबोधनं विनीताकडे पाहिलं. तिनं डोळे मिटून घेतले होते. बॅग अजून खांद्यावरच होती.

बेल वाजली. विनीता दार उघडायला गेली. प्रबोधनं बोटांवरचं मेण पुसलं आणि ब्रोच टेबलावर पालथा ठेवला, अक्षरं वर दिसतील असा.