तोंडासमोरचा डाग

"काच दिसत नाही," साहेब तिला म्हणाले. सातव्यांदा.

पडद्यावर अवकाशयान होतं. नव्या गेमच्या जाहिरातीचं चित्र. वर काचेचा घुमट, घुमटाखाली वैमानिक. बारा दिवस खपून तिनं यानाचा एकेक स्क्रू रंगवला होता. त्याबद्दल कुणी ब्र काढला नाही. सगळं अडलं ते काचेपाशी.

पहिल्या खेपेला तिनं काचेला निळसर झाक दिली. "हे बरणीचं झाकण झालं." मग चकाकीच्या पांढऱ्या रेघा ओढल्या. "अवकाशात पाऊस पडतोय का?" मग काचेचा लेयर, चित्रावरचा तो वेगळा थर, फिका केला, आणखी फिका केला. "आता तर हा गडी उघड्यावर बसलाय. बसस्टॉपवर बसावा तसा." ऑफिस हसलं. तिचं नाव काचवाली पडलं. ज्याला स्वतःला सरळ रेघ ओढता येत नाही, त्याला दुसऱ्याची रेघ लगेच वाकडी दिसते.

"उद्या अकरापर्यंत," साहेब उठले. "नाही जमलं तर यान दुसऱ्याकडे देतो. आणि मग तुझंही बघावं लागेल."

ती लॅपटॉप घेऊन घरी आली. चपला काढायचंही त्राण नव्हतं. वडील खिडकीजवळच्या खुर्चीत होते. तीस वर्षं त्यांनी लोकांच्या घरांना काचा बसवल्या. काचेच्या कडा घासताना उडालेली भुकटी नाकातोंडात गेली ती छातीत जाऊन बसली. तोंडाला बांधायला मालकानं कधी फडकं दिलं नाही. फडकं काच पुसायला असायचं. आता दोन पायऱ्या चढले तरी त्यांना टेकावं लागे.

"मलापण काचवाली म्हणतात, बाबा."

"दाखव बघू."

सातही चित्रं त्यांनी एकेक करून पाहिली.

"सगळ्या काचा पुसल्यास की गं तू."

"पुसल्यात म्हणजे?"

"काच बसली की शेवटी आम्ही आपलेच ठसे पुसायचो. इथं कुणी हात लावला होता हे दिसायला नको. त्याला म्हणायचे सफाई. पुसलेली काच कुणाला दिसते? पाखरं थडकून मरतात."

ते गजाला धरून उठले. खिडकीशी गेले. थांबले, छातीत हवा गोळा केली आणि काचेवर तोंड उघडून सोडली. तळहाताएवढी वाफ धरली. पलीकडचे रस्त्यावरचे दिवे पुसट झाले.

"ही काच," ते म्हणाले.

मग त्यांना खोकला लागला. तिनं पाठ चोळली, पाणी दिलं. खोकला थांबेस्तोवर खिडकीवरची वाफ केव्हाच विरली होती.

लॅपटॉप उघडून तिनं एक नवा लेयर घेतला. वैमानिकाच्या तोंडासमोर छोटी वाफ काढली. मधे दाट, कडेला विरळ, मागचे दोन तारे पुसट. वीस मिनिटांचं काम. जुन्या चकाकीच्या रेघा तिनं काढून टाकल्या.

दुसऱ्या दिवशी अकराला साहेब तिच्या टेबलाशी आले. वाकले. बोट पडद्याला टेकता टेकता थबकलं.

"आली. काच आली बघा." त्यांनी चारजणांना बोलावलं. चारजणांनी माना डोलावल्या. कालचं हसणं कुणाच्या तोंडावर नव्हतं. साहेब निघाले, आणि जाता जाता म्हणाले, "फक्त तो तोंडासमोरचा डाग पुसून टाक. बाकी पक्कं."

वाद घालायलाही ताकद लागते. तिनं वाफेचा लेयर बंद केला.

वैमानिक बसस्टॉपवर आला.

"अरे, काच कुठं गेली?" साहेब दोन पावलांवरून मागे वळले.

"पुसली, साहेब."

तिनं लेयर चालू केला. काच आली. बंद केला. गेली. कुणीतरी घसा खाकरला. साहेबांनी तिसऱ्यांदा चालूबंद करायला लावलं आणि ते शेजारची खुर्ची ओढून बसले.

"राहू दे मग," ते हळू म्हणाले. "पण हा डाग आहे तरी कसला?"

"डाग नाही," ती म्हणाली. "आतला माणूस श्वास घेतोय, साहेब. अजून."