तिसाच्या पुढे

सात वर्षांच्या शर्वीच्या छातीतून निघालेल्या नळीचं तोंड वैरागडे सिस्टर दर वेळी सलाईन जोडण्याआधी स्पिरिटच्या बोळ्याने घासायच्या आणि शर्वी मोठ्याने तिसापर्यंत मोजायची. तिच्या जन्माच्या वर्षीच जगातलं शेवटचं अँटिबायोटिक निकामी ठरलं होतं. तेव्हापासून जंतू आत जाऊ न देणं, एवढंच हातात उरलं होतं.

आज सकाळी शर्वीला हुडहुडी भरून ताप आला. जंतू रक्तात पोचले होते. सिस्टरांनी बोळा नुसताच एकदा फिरवला आणि सलाईन जोडायला घेतलं.

"सिस्टर, मोजायचं राहिलं!"

सिस्टरांचा हात थांबला. "चुकलंच गं माझं. मोज."

शर्वीने मोजलं. सिस्टर घासतच राहिल्या.

"तीस झाले की!"

"शंभरापर्यंत येतं ना तुला?" सिस्टर म्हणाल्या. "मोज."